माउंटन बाइकचे वजन : एकेका ग्रॅमचा हिशेब

माउंटन बाइकचे वजन म्हणजे तिच्या सुट्या भागांच्या वजनांची बेरीज. ही बेरीज आधी कागदावर मांडली नाही, तर सायकल हलकी करण्याच्या कामात पैसा भलतीकडे जातो. नवख्या स्वाराच्या हाती बहुधा अॅल्युमिनियमच्या सांगाड्याची, २९ इंची चाकांची आणि फक्त पुढे सस्पेन्शन असलेली सायकल येते. तिला 'हार्डटेल' म्हणतात. तिचे वजन १४ ते १५ किलो भरते.

अशी एक १५ किलोंची सायकल सुटी करून काट्यावर ठेवली, तर हिशेब साधारण असा निघतो. सांगाडा, म्हणजे फ्रेम, २ किलो. पुढचा स्प्रिंगचा फोर्क, ज्याला सायकलच्या दुकानात 'चिमटा' म्हणतात, २ किलो ७०० ग्रॅम. टायर न चढवलेली दोन चाके २ किलो ३०० ग्रॅम. दोन टायर १ किलो ७०० ग्रॅम आणि दोन ट्यूब ४४० ग्रॅम. पेडलचे दांडे आणि पुढच्या चकत्या, म्हणजे क्रँक, आणि त्याचे बेअरिंग १ किलो ३०० ग्रॅम. मागच्या दातेरी चकत्यांचा संच, म्हणजे कॅसेट, ४२० ग्रॅम. चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारे दोन्ही डिरेलर, शिफ्टर, चेन आणि केबल मिळून १ किलो १५० ग्रॅम. डिस्क ब्रेक ९०० ग्रॅम. हँडलबार, त्याला धरणारा स्टेम आणि ग्रिप मिळून ६२० ग्रॅम. सीट, सीटपोस्ट आणि त्याचा क्लॅम्प ७५० ग्रॅम. पेडल ४२० ग्रॅम. उरलेले तीनशे ग्रॅम हेडसेट आणि चाकांच्या दांड्यांचे.

या यादीतून पहिलीच गोष्ट स्पष्ट होते. फ्रेम, फोर्क, चाके आणि ट्यूबसह टायर या चारच गोष्टींत १५ पैकी ९ किलोंहून अधिक वजन आहे. टायटॅनियमचे चमकदार बोल्ट किंवा कार्बनचा बाटलीचा स्टँड घेऊन सुरुवात करणारा स्वार उरलेल्या सहा किलोंच्याही काठावरच घुटमळत असतो.

लोखंडापासून कार्बनपर्यंत

या सायकलीचा जन्मच जडपणातून झाला. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत, माउंट टॅमलपाइसच्या परिसरात, काही तरुण १९३०-४०च्या दशकांतल्या जुन्या, जाड टायरच्या श्विन सायकली डोंगरावर चढवून मातीच्या वाटेने खाली सोडत. १९७६ साली त्यांनी 'रिपॅक' नावाची उताराची शर्यत सुरू केली. उतारावर मागच्या हबमधला ब्रेक इतका तापे, की आतले ग्रीस जळून जाई आणि हब उघडून ते पुन्हा भरावे लागे. शर्यतीला नाव मिळाले ते त्यावरूनच. त्या सायकली २० किलोंच्या पुढे जात आणि चढावर स्वारांना त्या बहुतेक वेळा ढकलाव्या लागत. १९७७ साली जो ब्रीझ याने क्रोमोली पोलादाच्या नळ्या जोडून खास डोंगरासाठी फ्रेम बांधली. चढतानाही चालवता येईल अशी सायकल घडवण्याच्या दिशेने टाकलेले ते मोठे पाऊल होते. १९८१ साली 'स्पेशलाइज्ड' कंपनीची स्टंपजंपर बाजारात आली आणि डोंगरी सायकल कारखान्यात तयार होऊ लागली. १९८९ साली रॉकशॉक्स कंपनीने आरएस-१ हा सस्पेन्शन फोर्क आणला. १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये क्रॉस-कंट्री शर्यतीचा समावेश झाला.

त्यानंतरचा इतिहास बराचसा धातुशास्त्राचा आहे. पोलादाच्या एका घन सेंटिमीटरचे वजन सुमारे ७.८ ग्रॅम, टायटॅनियमचे ४.५, अॅल्युमिनियमचे २.७ आणि कार्बन तंतूंच्या संमिश्राचे सुमारे १.६ ग्रॅम असते. अर्थात हलका पदार्थ वापरला म्हणजे भाग त्याच प्रमाणात हलका होतो असे नाही, कारण ताकद राखण्यासाठी अॅल्युमिनियमची नळी अधिक जाड आणि रुंद करावी लागते. तरीही आज उच्च दर्जाच्या शर्यतीची हार्डटेल ९ किलोंच्या आत बसते. 'एस-वर्क्स एपिक हार्डटेल' या २०२० सालच्या कार्बन फ्रेमचे वजन कंपनीने मध्यम मापासाठी ७९० ग्रॅम जाहीर केले होते. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने रस्त्यावरच्या शर्यतीच्या सायकलींना ६.८ किलोंची किमान मर्यादा घातली आहे. माउंटन बाइकला तशी मर्यादा नाही. डोंगरच ती घालतो.

कोणता ग्रॅम किती जड

चढावर सायकल चालवणे म्हणजे स्वार आणि सायकल यांचे मिळून ओझे वर उचलणे. पुण्याच्या सायकलस्वारांचा नेहमीचा सिंहगडाचा रस्ता घेतला, तर पायथ्यापासून सुमारे ६०० मीटर उंची चढावी लागते. १ किलो वजन तेवढे वर न्यायला सुमारे ५,९०० ज्यूल ऊर्जा लागते. सरावलेला हौशी स्वार जवळपास तासभर पेडलवर २०० वॉट शक्ती टिकवतो असे धरू. त्यातली काही टायरच्या घर्षणात आणि हवेच्या विरोधात खर्च होते. वर चढण्यासाठी १६५ वॉटच्या आसपास उरतात. ७५ किलोंचा स्वार आणि १५ किलोंची सायकल यांना या हिशेबाने ५३ ते ५४ मिनिटे लागतील. सायकल १ किलोने हलकी झाली, तर सुमारे ३५ सेकंद वाचतात. ३ किलोंनी हलकी झाली, तर पावणेदोन मिनिटे.

हा आकडा शर्यतीत मोठा आणि रविवारच्या फेरीत लहान आहे. पण हलक्या सायकलीचा फायदा घड्याळापुरता नसतो. दगडांच्या पायरीवर पुढचे चाक उचलणे, अरुंद वळणावर सायकल झटक्यात वळवणे, सह्याद्रीतल्या एखाद्या अवघड टप्प्यावर ती खांद्यावर घेणे, या प्रत्येक वेळी तीन किलोंचा फरक हातांना आणि पाठीला थेट जाणवतो.

फिरणाऱ्या वजनाचा हिशेब थोडा वेगळा आहे. फ्रेममधला ग्रॅम सायकलबरोबर फक्त पुढे सरकतो. रिम, टायर आणि ट्यूबमधला ग्रॅम पुढेही सरकतो आणि गोलही फिरतो. त्यामुळे वेग वाढवताना चाकाच्या परिघावरच्या एका ग्रॅमला जवळजवळ दोन ग्रॅमांइतकी ऊर्जा लागते. एकसारख्या गतीने चढताना हा फरक नाहीसा होतो, तिथे फक्त एकूण वजन मोजले जाते. पण डोंगरातल्या पायवाटेवर गती एकसारखी राहतच नाही. दर वळणाला, दर दगडाला ती तुटते आणि पुन्हा कमवावी लागते. शिवाय चाक हलके असले, की सस्पेन्शनला ते खड्ड्यात पटकन टेकवता येते आणि टायर जमीन सोडत नाही. म्हणून पहिला पैसा परिघावर खर्च करावा. हब आणि कॅसेट आसाजवळ असतात, तिथे फिरण्याचा हा जादा भार नगण्य असतो.

फुकटचे वजन

खर्चाआधी बिनखर्चाचे काम. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या पुष्कळ सायकलींना बाजूचा स्टँड जोडलेला असतो. तो एकटाच तीनशे-चारशे ग्रॅम भरतो. चेनवरचे प्लॅस्टिकचे आवरण, कॅसेटमागची चकती, न वापरलेले मडगार्ड, गरजेपेक्षा लांब सीटपोस्ट आणि सीटखालच्या पिशवीत साठलेली अवजारे काढून टाकली, की अर्धा किलो सहज उतरतो. सीटपोस्ट कापायचा असल्यास त्यावरच्या 'मिनिमम इन्सर्शन' रेषेइतकी लांबी फ्रेममध्ये राहायलाच हवी. हेडलाइट आणि मागचा लाल दिवा मात्र रस्त्यावरून जाणाऱ्या सायकलीवर राहू द्यावेत. ते वजन सुरक्षिततेचे आहे.

ट्यूब आणि टायर

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक बदल इथे आहे. २९ इंची टायरची साधी ब्युटाइल ट्यूब २०० ते २५० ग्रॅम भरते. ट्यूबलेस पद्धतीत ती जाते आणि तिच्या जागी रिमवरची टेप, व्हॉल्व्ह आणि ८० ते १०० मिलिलिटर सीलंट येते. एका चाकामागे सुमारे १०० ग्रॅम वाचतात. मॅव्हिक कंपनीने १९९९ साली माउंटन बाइकसाठी यूएसटी ही ट्यूबलेस पद्धत आणली. पुढे लॅटेक्सच्या सीलंटमुळे ती सर्वसामान्य स्वारापर्यंत पोहोचली.

वाचलेल्या शंभर ग्रॅमांपेक्षा मोठा लाभ दुसराच आहे. ट्यूब असलेल्या टायरमध्ये हवा कमी ठेवली, तर दगडावर आदळताच ट्यूब रिम आणि दगड यांत चिमटली जाऊन सापाच्या दंशासारखी दोन भोके पडतात. ट्यूबच नसली, की ही भीती जाते. हवा कमी ठेवता येते, टायर दगडाला मिठी मारतो आणि पकड वाढते. महाराष्ट्रातल्या बाभळी-बोरीच्या काट्यांच्या वाटांवर सीलंट बारीक भोके चालता चालता बुजवते. उन्हाळ्यात ते लवकर वाळते, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी व्हॉल्व्हमधून तपासून भर घालावी लागते. रिम आणि टायर दोन्ही 'ट्यूबलेस रेडी' असल्याशिवाय हा प्रयोग करू नये. साध्या रिमवर टायरची कड निसटली, तर स्वार थेट जमिनीवर येतो. ज्यांना ट्यूबलेस नको, त्यांच्यासाठी टीपीयू या प्लॅस्टिकच्या पातळ ट्यूब आहेत. त्या १०० ग्रॅमच्या आत बसतात, पण महाग असतात.

टायरमध्ये तारेच्या कडेऐवजी अॅरामिड तंतूंची घडी होणारी कड घेतली आणि क्रॉस-कंट्रीसाठीचा टायर निवडला, तर ८५० ग्रॅमच्या जागी ७०० ग्रॅम येतात. दोन चाकांचे मिळून ३०० ग्रॅम, तेही परिघावरचे. याहून हलके टायरही मिळतात, पण त्यांच्या बाजूच्या भिंती कागदासारख्या पातळ असतात. सह्याद्रीच्या काळ्या बेसाल्टची धारदार कड अशा भिंतीला सरळ चिरते आणि ती चीर सीलंटने बुजत नाही. बाजूला संरक्षक थर असलेला टायर पन्नास-साठ ग्रॅमांनी जड असला, तरी आपल्या डोंगरांत तोच घ्यावा.

चाके

स्वस्त सायकलीची चाके सव्वादोन ते अडीच किलोंची असतात. चांगल्या अॅल्युमिनियम रिमची जोडी पावणेदोन किलोंत मिळते आणि कार्बनची सव्वा ते दीड किलोत. २०२० साली आलेल्या 'रोव्हल कंट्रोल एसएल' या कार्बन जोडीचे जाहीर वजन १,२४० ग्रॅम होते. अॅल्युमिनियमच्या चांगल्या जोडीने सुमारे ५५० ग्रॅम वाचतात आणि बहुतेकांसाठी तेवढे पुरेसे असते. अॅल्युमिनियमची रिम ठोकर खाऊन वाकते आणि बऱ्याचदा ठोकून सरळ करता येते. कार्बनची तडकते आणि बदलावीच लागते.

चाक हाताने बांधून घेणाऱ्यांना अजून वाव आहे. मधे पातळ आणि टोकांना जाड असे 'बटेड' स्पोक घेतले, तर ६४ स्पोकांमागे सुमारे ६० ग्रॅम वाचतात आणि स्पोकचा लवचीकपणाही वाढतो. पितळी निपलऐवजी अॅल्युमिनियमचे घेतले, तर आणखी ४० ग्रॅम, नेमके रिमजवळचे. कोकण-गोव्याच्या खाऱ्या दमट हवेत मात्र अॅल्युमिनियमचे निपल गंजून फुटतात, तिथे पितळच बरे. कमी वजनाचे चाक अधिक निगा मागते. पहिल्या काही फेऱ्यांनंतर त्याचा आऊट काढून ताण सारखा करून घ्यावा लागतो.

जुन्या-नव्याचा मेळ इथेच सर्वांत जास्त अडतो. जुन्या फ्रेमची मागची रुंदी १३५ मिलिमीटर आणि क्विक रिलीजची, तर आजची बहुतेक चांगली चाके १४८ मिलिमीटर रुंद 'बूस्ट' थ्रू-अॅक्सलची असतात. कॅसेट ज्यावर बसते तो फ्रीहबही तीन तऱ्हांचा असतो : शिमानो कंपनीचा जुना एचजी, तिचाच बारा गिअरांसाठीचा मायक्रो स्प्लाइन आणि स्रॅम कंपनीचा एक्सडी. चाक घेतानाच पुढे कोणती कॅसेट लावायची हे ठरले नसेल, तर तोच खर्च दोनदा होतो.

फोर्क

एकाच भागात सर्वांत मोठी बचत फोर्कमध्ये आहे. स्वस्त सायकलीच्या फोर्कमध्ये पोलादी स्प्रिंग आणि पोलादी नळ्या असतात, वजन २ किलो ७०० ग्रॅमच्या घरात. हवेच्या दाबावर चालणारा मध्यम दर्जाचा फोर्क १ किलो ८०० ग्रॅमच्या आसपास येतो. ९०० ग्रॅम एका फटक्यात कमी होतात. शर्यतीसाठीचे फोर्क त्याहून हलके असतात. २०२० साली आलेल्या 'रॉकशॉक्स सिड एसएल'चे जाहीर वजन १,३२६ ग्रॅम होते.

इथेही वजन हा दुय्यम लाभ ठरतो. हवेच्या फोर्कमध्ये स्वाराच्या वजनाप्रमाणे दाब ठेवता येतो. ५५ किलोंच्या आणि ९० किलोंच्या स्वाराला एकच फोर्क नीट बसतो. परत उसळण्याचा वेगही बदलता येतो. स्वस्त स्प्रिंग मात्र हलक्या स्वाराखाली दबतच नाही आणि नुसते ओझे होऊन बसते. घेण्यापूर्वी तीन मापे तपासावीत. पहिले, फोर्कचा दांडा जिच्यात बसतो ती फ्रेमची हेड ट्यूब सरळ, सव्वा इंचाहून बारीक दांड्याची आहे की खाली दीड इंचापर्यंत रुंदावणारी. दुसरे, चाकाचा अॅक्सल ९ मिलिमीटरचा आहे की १५चा. तिसरे, प्रवास, म्हणजे फोर्क किती दबतो. १०० मिलिमीटरसाठी आखलेल्या फ्रेमला १४० मिलिमीटरचा फोर्क लावला, तर सायकलचे सगळे कोन बदलतात आणि फ्रेमच्या सांध्यांवर नको तेवढा ताण येतो.

गिअर आणि क्रँक

पुढे तीन चकत्या आणि मागे आठ, ही रचना अनेक वर्षे चालली. २०१२ साली स्रॅमने पुढे एकच चकती आणि मागे अकरा गिअर असलेला 'एक्सएक्स१' संच आणला, २०१६ साली बारा गिअरांचा 'ईगल' आला. पुढचा डिरेलर, डाव्या हाताचा शिफ्टर आणि त्याची केबल गेली, की साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास उतरतात. तीन पोलादी चकत्यांचा जड क्रँक जाऊन पोकळ आसाचा क्रँक आला, तर बेअरिंगसह आणखी पाचशे ग्रॅम.

पण या खात्यात जमेबरोबर खर्चही आहे. चढासाठी पुढची लहान चकती राहिली नाही, म्हणून मागची कॅसेट मोठी लागते आणि मोठी कॅसेट जड असते. शिमानोची 'डिओरे' दर्जाची १०-५१ दातांची कॅसेट ५९३ ग्रॅमची, म्हणजे जुन्या आठ गिअरांच्या कॅसेटपेक्षा जड. त्याच दातांची 'एक्सटीआर' ३६७ ग्रॅमची. सव्वादोनशे ग्रॅमांचा हा फरक टायटॅनियम आणि अॅल्युमिनियमच्या चकत्यांमुळे येतो. तिची किंमत कित्येक पट असते आणि मऊ धातूचे दात लवकर झिजतात. कॅसेट हा झिजून बदलण्याचाच भाग आहे. चिखलात आणि धुळीत वर्षभर चालणाऱ्या सायकलीला पोलादी कॅसेटच परवडते. सगळे धरून एक चकतीच्या रचनेतून सुमारे ७०० ग्रॅम वाचतात, आणि त्याहून मोलाचे म्हणजे बिघडणारे भाग कमी होतात.

हात, पाय आणि बैठक

हँडलबार, सीटपोस्ट, सीट आणि ग्रिप या चारांत मिळून सुमारे ४०० ग्रॅम कमी करता येतात. सीटच्या बाबतीत वजन शेवटी पाहावे. बसण्याच्या हाडांच्या रुंदीला न बसणारी १५० ग्रॅमची सीट दोन तासांत स्वाराला सायकलवरून उतरवते. फोमचे ग्रिप ५०-६० ग्रॅममध्ये जोडीने येतात आणि स्वस्त असतात. कार्बनचा हँडलबार अॅल्युमिनियमपेक्षा शंभरेक ग्रॅमांनी हलका असतो आणि बारीक थरथर शोषून घेतो. मात्र मोठ्या पडझडीनंतर तो वरून धड दिसत असला, तरी आतून तडकलेला असू शकतो. तो बदलायची तयारी असेल, तरच घ्यावा. कार्बनच्या भागांवर बोल्ट आवळताना टॉर्क पान्हा हवाच. स्टेमच्या बोल्टवर लिहिलेला आकडा बहुधा ५ ते ६ न्यूटन-मीटर असतो. अंदाजाने दिलेला एक जादा पिळा हजारोंचा भाग फोडतो.

टायटॅनियमचे बोल्ट पोलादी बोल्टच्या निम्म्याहून थोडे अधिक भरतात. सगळ्या सायकलीवर बदलले, तरी थोडेच ग्रॅम वाचतात. हे काम सर्वांत शेवटचे.

जिथे वजन वाचवू नये

ब्रेक हे पहिले ठिकाण. डिस्कचे पाते १८० मिलिमीटरवरून १६०वर आणले, तर काही ग्रॅम वाचतात, पण लांब उतारावर पाते लवकर तापते आणि ब्रेकची ताकद ओसरते. जड स्वाराने हा बदल करू नये. दुसरे ठिकाण उंची कमी-जास्त करणाऱ्या ड्रॉपर सीटपोस्टचे. तो साध्या पोस्टपेक्षा तीनशे-चारशे ग्रॅमांनी जड असतो. तरीही जागतिक क्रॉस-कंट्री शर्यतींत तो आता सर्रास दिसतो, कारण सीट खाली गेली की तीव्र उतार निर्धास्तपणे घेता येतो. ते वजन उतारावर वसूल होते.

याचा सर्वांत बोलका दाखला २०१२च्या लंडन ऑलिंपिकचा. हॅडली फार्मच्या वाटेवर स्वित्झर्लंडचा निनो शुर्टर हार्डटेलवर होता आणि चेक प्रजासत्ताकाचा यारोस्लाव्ह कुल्हावी पुढे-मागे सस्पेन्शन असलेल्या २९ इंची सायकलवर. मागचा शॉक आणि त्याचे सांधे यांमुळे अशी सायकल त्याच दर्जाच्या हार्डटेलपेक्षा जड असते. दीड तासाच्या लढतीनंतर कुल्हावी एका सेकंदाने जिंकला. चार वर्षांनी रिओमध्ये शुर्टरने सुवर्णपदक मिळवले, ते फुल सस्पेन्शन सायकलवरच.

बेरीज आणि मर्यादा

ट्यूबलेसचे २००, टायरचे ३००, चाकांचे ५५०, फोर्कचे ९००, गिअर-क्रँकचे ७०० आणि हँडलबार-सीटचे ४०० ग्रॅम मिळून ३ किलोंहून थोडे अधिक होतात. १५ किलोंची सायकल १२ किलोंच्या आत येते. फ्रेमला यात हात लावलेला नाही. फ्रेम बदलणे म्हणजे सायकलच बदलणे.

प्रत्येक भागाची किंमत भागिले वाचलेले ग्रॅम, हे गणित खरेदीआधी मांडावे. ट्यूबलेस आणि ग्रिप यांत एक ग्रॅम काही रुपयांत वाचतो, कॅसेट आणि कार्बनच्या चाकांत त्याच ग्रॅमला कित्येक पट मोजावे लागतात. कॅलिफोर्नियाचा सायकलकार कीथ बाँट्रेगर याच्या नावावर एक नियम सांगितला जातो : मजबूत, हलके आणि स्वस्त या तिन्हींतले दोनच गुण एका भागात मिळतात. हे सर्व भाग एकदम नवे घ्यायचे, तर त्यांची बेरीज सहज मूळ सायकलीच्या किमतीपुढे जाते. त्या पैशात चांगल्या फ्रेमची, आधीच १२ किलोंची सायकल मिळत असेल, तर तीच घेणे शहाणपणाचे. फ्रेम मापाला बसणारी आणि आवडती असेल, तर भाग जसे झिजतील तसे, ओव्हरऑइलिंगच्या वेळी एकेक बदलत जावे. टायर झिजला की हलका टायर, चेन आणि कॅसेट संपली की एक चकतीची रचना, फोर्क गळू लागला की हवेचा फोर्क. या वाटेने दोन-तीन वर्षांत सायकल हलकी होते आणि झिजलेल्या भागाचे पैसे तसेही जाणारच होते, त्यामुळे जादा खर्च फक्त दर्जातल्या फरकापुरता राहतो.

आधी परीघ, मग फोर्क, मग गिअर आणि शेवटी बोल्ट, हा क्रम पाळावा. ब्रेक, टायरची भिंत आणि हँडलबार यांच्या ताकदीशी तडजोड करू नये. चढावर वाचलेली पावणेदोन मिनिटे उतारावर फाटलेला एक टायर परत घेऊन जातो.